शेगडीवरचं नाव

माझ्या घरात सगळ्यांत लवकर संपणारी वस्तू म्हणजे चिकटपट्टी. तेल पुरतं, साखर पुरते, चहापत्ती तर मी सांभाळूनच वापरते. पण चिकटपट्टीचं रीळ बघता बघता रिकामं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाटत असेल, बाई घरी बसून पार्सलं बांधते. खरं म्हणजे ती पट्टी मी गॅसच्या शेगडीला लावते, समोरच्या बाजूला, बटणांच्या वर. शेगडी तापते, फोडणीचं तेल उडतं, भाताचं पाणी उतू जातं आणि पट्टीचं एक टोक सुटून वर येतं. मग मी ते अंगठ्यानं दाबते. भाजी हलवायची, टोक दाबायचं. पोळी उलटायची, टोक दाबायचं. आता तर हाताला इतकी सवय झाली आहे, की दुसऱ्याच्या घरी चहा करतानाही माझा अंगठा शेगडीच्या कपाळाकडं जातो.

पट्टीखाली एक नाव आहे.

मी काष्टीची. आमच्या गावचा बाजार मोठा, त्यामुळं गावाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस हटकून म्हणतो, ‘हो हो, बाजाराचं काष्टी.’ मला दिलं होतं कोपरगावकडं, उसाच्या घरात. पाणी बारमाही, घर ऐसपैस, दारात ट्रॅक्टर. आमच्याकडच्या लोकांनी ‘पोरीनं नशीब काढलं’ म्हणून किती कौतुक केलं. मूल झालं नाही. आधी त्यावरून बोलणी झाली, मग दवाखाने झाले, मग घरातल्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. एक दिवस मी बॅग भरून एसटीत बसले. कोर्टाचं सगळं उरकून कागद हातात आले, तोवर माझ्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

इतक्या वर्षांत माझी म्हणावी अशी शेगडी मला कधी मिळालीच नाही. सासरी सासूबाईंची शेगडी होती. त्या सांगतील तेवढ्या आचेवर रांधायचं. माहेरी परत आले तर तोवर घरात वहिनी आलेली, शेगडी वहिनीची झालेली. वहिनी वाईट नाही. पण मी चहा टाकला की बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज यायचा, “ताई, गॅस बारीक हाय ना?” बारीकच असायचा. मी चोरासारखा बारीक ठेवायचे. स्वतःच्या बापाच्या घरात दुसऱ्यांदा चहा प्यायची इच्छा झाली, तर आधी वहिनी कुठं आहे ते बघायचे. त्या वयात, एका कपभर चहासाठी. मला माझीच लाज वाटायची.

म्हणून नगरला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा पगार किती, सुट्टी किती याच्या आधी मी ठरवलं, की शेगडी घ्यायची. पाट्यांवर आता शहराचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. तिथं मला वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. एका कोपऱ्यात ओटा, ओट्याला खिडकी, खिडकीतून खाली चहाची टपरी दिसते. मालकीणबाईंना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की मी एकटी आहे, माझे कागद झालेत. त्यांनी फक्त ‘पाणी सकाळीच येतं’ एवढंच म्हटलं. मला त्या आवडल्या.

मग मी शेगडीचा अभ्यास सुरू केला. लॅबमध्ये दुपारी गर्दी ओसरली, की फोनवर तेच बघायचे. विजेवरची सपाट शेगडी, तिला म्हणे खालून जाळ नसतोच, भांडंच तापतं. ती बरी वाटली, पण वीजबिल मालकीणबाईंच्या मीटरवर आणि भाकरी फुगवायची कशावर, हा प्रश्न. मग काचेची गॅसशेगडी. काळी, गुळगुळीत, फडकं फिरवलं की आरशासारखी. दोन बर्नर, पितळी, म्हणजे लवकर गंजत नाहीत. बटण दाबलं की आपोआप पेटते, काडी नको, लायटर नको. मी तिचा फोटो फोनमध्ये ठेवला होता. लोक लेकराचे फोटो ठेवतात, मी शेगडीचा ठेवला. एकदा लॅबमधल्या जामखेडच्या मैत्रिणीनं बघितला, तर म्हणाली, “स्थळ चांगलं आहे गं, होकार कळवून टाक.” आम्ही दोघी खूप हसलो.

दुकानात एकटीनं जावं असं मनात होतं, पण दादा म्हणाले, “मी येतो. लेकीची शेगडी बापानं घ्यायची आसती.” दादा म्हणजे माझे वडील. आई येणार होती, पण शेळी व्यायला झालेली, म्हणून राहिली. दादा काष्टीत घेऊ देत नव्हते. तिथं सगळे ओळखीचे. कुणासाठी, कशाला, एकटी कशी राहणार, सतरा प्रश्न. नगरला कोण ओळखतंय.

दादांबद्दल दोन गोष्टी सांगायला पाहिजेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एक म्हणजे मीठ. घरात जेवायला बसले, की पहिला घास खाऊन दादा म्हणणार, “मीठ कमी हाय.” आमटी कशीही असो. आई चिडून चिडून थकली. एकदा तिनं मुद्दाम दुप्पट घातलं, तरी हे म्हणाले, “कमी हाय.” पण परक्याच्या घरी गेले, तर खारट, अळणी, करपलेलं, काहीही मान खाली घालून खातील आणि वर म्हणतील, “लई झ्याक झालंय.” दुसऱ्याच्या घरच्या अन्नाला नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा धर्म.

दुसरी गोष्ट पाण्याची. नातवंडाचं तोंड बघितल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता कुणी फार पाळत नाही, दादा पाळतात. कोपरगावला ते दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचे, उन्हातून घामाघूम होऊन यायचे, अंगणातल्या खाटेवर बसायचे आणि कोरड्या तोंडानं परत जायचे. स्टँडवर जाऊन पाणी प्यायचे, तिथंच काहीतरी खायचे. सासूबाई आतून मोठ्यानं म्हणायच्या, “यांच्या वडलांचं तोंड कधी ओलं होणार देव जाणे.” मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभी असायचे. तो तांब्या परत नेऊन ठेवताना मला जे वाटायचं, ते मी कुणाला सांगू शकले नाही.

तर मला नव्या घरात हवं होतं ते एवढंच. माझ्या शेगडीवर मी चहा करावा आणि दादांनी तो प्यावा. हे सासर नव्हतं. हे माझं घर होतं.

बाजारातल्या भांड्यांच्या गल्लीत आम्ही एका दुकानात शिरलो. दुकानदार गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा. गल्ल्यावर त्याची बायको बसली होती.

“या मामा. काय दाखवू?”

“शेगडी. ग्यासची.”

“घरात वापरायला, का लग्नाची?”

साधा प्रश्न. लग्नसराई होती, तो प्रत्येकाला तेच विचारत असणार. दादांनी माझ्याकडं बघितलं नाही. समोर टांगलेल्या कढयांकडं बघत म्हणाले, “लग्नाची. लेकीच्या.”

माझे कान तापले. घटस्फोटित लेक नगरला एकटी राहणार आहे, हे एका अनोळखी दुकानदाराला सांगायचीसुद्धा दादांना चोरी वाटली. जो माणूस भर पंचायतीत सरपंचाला तोंडावर बोलतो, तो कढयांकडं बघत खोटं बोलला. आणि ते माझ्यामुळं. मी तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं, की लग्न वगैरे काही नाही हो, मला एकटीला लागते. पण मग दादा भर दुकानात खोटे पडले असते. 

“हीच का नवरी?” दुकानदाराचा चेहरा उजळला. माझ्या पांढऱ्या केसांवर त्याची नजर एकदा थांबली आणि शहाण्या माणसासारखी पुढं गेली. “गाव कुठलं?”

“काष्टी.”

“बाजाराचं काष्टी! अगं ऐकलंस का, तुझ्या माहेराकडचे पाहुणे आलेत.”

झालं. बायको गल्ल्यावरून उठून आली. तिचं माहेर श्रीगोंद्याजवळ निघालं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून काष्टी सोडून आलो, तर नगरमध्ये माहेरवाशीणच पुढ्यात उभी राहिली.

मी फोनमधला फोटो दाखवला. दुकानदारानं तो लांबूनच बघितला आणि हात झटकला. “ताई, दोन बर्नरची कुणी लग्नात देतं का? पाहुणे काय म्हणतील? आणि सासूबाई दुधाचं पातेलं ठेवणार कुठं?”

“मला दोनचीच...” मी म्हणाले.

“तीनची द्या,” दादा म्हणाले. खोटं एकदा बोललं, की त्याला शोभेलसं वागावं लागतं.

“आणि काचेची नको मामा, स्टीलची घ्या. लग्नाच्या वस्तूवर आपण नाव टाकून देतो, फुकट. काचेवर आपलं मशीन चालत नाही. स्टीलवर कसं, जन्मभर जात नाही.”

अशी माझी काळी गुळगुळीत काचेची शेगडी गेली आणि तीन बर्नरची चकचकीत स्टीलची आली. खरं सांगते, मला त्यात राग आला तो थोडाच वेळ. कारण दुकानदाराच्या बायकोनं मला एका स्टुलावर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि माझ्या ओढणीत तांदूळ आणि नारळ घातला. “सुखाचा संसार कर,” म्हणाली. कितीतरी वर्षांत माझ्या कपाळाला असं कुणी बोट लावलं नव्हतं. काष्टीत हळदीकुंकवाच्या बायका माझ्यापाशी आल्या, की हात आखडता घेतात. लावावं की नाही त्यांना कळत नाही, मलाही कळत नाही, मग मीच पाणी आणायच्या निमित्तानं उठते. इथं मी नवरी होते. तेवढी पाच-दहा मिनिटं मला फार बरं वाटलं. खोट्या कुंकवानं सुखावले, याची लाज त्या दिवशी नाही वाटली, नंतर वाटली, आणि अजून गेलेली नाही.

मग दुकानदारानं ते नाव टाकायचं मशीन काढलं. जाड पेनसारखं, वायर लावलेलं. “हं, बोला मामा. जावईबापूंचं नाव?”

दादांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

“असं नाही हो!” दुकानदाराची बायको हसत म्हणाली. “मामा कशाला सांगतील? नवरी घेईल की नाव. उखाण्यात! सराव नको का लग्नाआधी?”

दोनचार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. दादांच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसत होती. जगात नावं काय कमी आहेत? कुठलंही सांगता आलं असतं. शेजारच्या पोराचं, लॅबमधल्या डॉक्टरांचं, रस्त्यावरच्या पाटीवरचं. मी दिवसभर लॅबमध्ये नावंच लिहिते, नळीनळीवर चिकटवते. माझ्या बोटांखालून रोज गावभराची नावं जातात. त्यातलं एकही माझ्या मदतीला आलं नाही. लग्नात माझ्या चुलत बहिणीनं जुळवून दिलेला उखाणा होता, आठ दिवस घोकलेला. तो आपोआप, अख्खा, एकही शब्द न विसरता माझ्या तोंडातून बाहेर पडला:

“गोदाकाठच्या उसाला पाणी मिळतं बारमाही,
...रावांशिवाय मला दुसरं मागणं नाही.”

गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. “वा! उसातले पाहुणे दिसतायत,” दुकानदार म्हणाला. “आडनाव?” मी तेही सांगितलं.

मशीन किरकिरत चाललं. आधी ‘सौ.’, मग माझं नाव, मग त्याचं, मग ते आडनाव. ते काढून टाकायला मी कुठकुठं खेटे घातले होते! आधार कार्डावरून काढलं, रेशनकार्डावरून काढलं, बँकेतून काढलं, प्रत्येक खिडकीवरच्या माणसानं वर बघून विचारलं होतं, “का बदलायचं?” आणि प्रत्येकाला मी मान खाली घालून सांगितलं होतं. आता ते स्टीलवर कोरलं जात होतं आणि मी कुंकू लावून, मांडीवर नारळ घेऊन बघत बसले होते.

रिक्षात दादांनी खोकं मांडीवर घेतलं.  मग म्हणाले, “तीन बर्नर जास्त झाले का गं?”

“होतील उपयोगी,” मी म्हणाले.

दोघंही एवढंच बोललो.

खोलीवर दादांनी स्वतः नळी बसवली, छोटा सिलिंडर जोडला, साबणाचा फेस लावून गळत नाही ना ते बघितलं. पहिल्यांदा दूध ठेवलं. नव्या घरात पहिलं दूध उतू घालतात, तेवढं मी करणारच होते. दूध वर आलं, पातेल्याच्या काठावरून उतरलं, शेगडीवरून ओघळलं आणि त्या ताज्या कोरलेल्या अक्षरांतून खाली गेलं. दादांनी हात जोडले. मी उरलेल्या दुधात चहा टाकला. आलं किसून घातलं. दोन कप नवे आणले होते, ते विसळले.

दादा चपला घालत होते.

“चहा झालाय दादा.”

“नगं गं. गाडी जाईल.”

गाडीला पुष्कळ वेळ होता, ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. “लेकीच्या घरचं...” असं काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरले. मी खिडकीतून बघितलं. खाली टपरीवर ते उभे राहिले, चहा घेतला, फुंकर मारत सावकाश प्याले. मी वर कप हातात घेऊन उभी. कोपरगावला तांब्या होता, इथं कप होता, एवढाच काय तो फरक. ज्या घरात जावई नाही, सासू नाही, ते घरसुद्धा दादांच्या लेखी लेकीचं सासरच. आणि का नसावं? शेगडीवर तर तसंच लिहिलं होतं. मीच सांगून लिहून घेतलं होतं.

दोन्ही कप मी प्याले.

त्यानंतर दादा येतच राहिले. नगरला काही काम निघालं, की पिशवीत मेथी, कांद्याची पात, कधी घरची ज्वारी घालून यायचे. खुर्चीवर टेकायचे, पंख्याकडं बघायचे, आईची, शेळीची खबर सांगायचे आणि खाली जाऊन टपरीवर चहा प्यायचे. टपरीवाल्याला ते नावानिशी ओळखायला लागले. आई फोनवर न चुकता विचारायची, “घेतला का गं त्यांनी चहा?” मी म्हणायचे, “उन्हाचं नको म्हणाले.” थंडीतही मी तेच सांगितलं. आईनं कधी पुढं विचारलं नाही.

तीन बर्नरमधला एकच पेटतो. उरलेल्या दोघांवर मी ताटं झाकून ठेवते.

पट्टी लावायची वेळ आणली ती मालकीणबाईंनी. एकदा विरजण मागायला आल्या, ओट्यापाशी उभ्या राहिल्या, वाकून वाचलं. पहिल्या दिवशी मी त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांच्या लक्षात होतं. बाई बिचाऱ्या चांगल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, “अजून जीव अडकलाय का गं त्यांच्यात?”

यापेक्षा त्यांनी मला खोटारडी म्हटलं असतं तर परवडलं असतं. काय सांगणार होते मी? की जीव नाही हो अडकलेला, नुसती जीभ अडकली होती? मी विरजण दिलं आणि त्या गेल्यावर घासणी घेतली. लिंबू, राख, तारेची घासणी, सगळं झालं. दुकानदार खरं बोलला होता, जन्मभर जात नाही. उलट घासून घासून अक्षरं जास्तच उठून दिसायला लागली. मग पट्टी आणली.

दादांचे दात कधीपासून हलत होते. भाकरी दुधात कुस्करून खायचे, पण डॉक्टरकडं जायचं नाव नाही. शेवटी एका बाजूला सूज आली, तेव्हा आईनं भावाबरोबर पाठवलं. नगरच्या डॉक्टरांनी खालचे चार एकदम काढले, तोंडात कापूस कोंबला, तासभर तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, गरम नाही, कडक नाही, आणि उद्या परत दाखवायला या, म्हणाले. भावाला कामावर जायचं होतं. तो दादांना माझ्या खोलीवर सोडून गेला.

जन्मात पहिल्यांदा दादा माझ्या घरात होते आणि ‘नगं’ म्हणू शकत नव्हते. मला हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली. गाल सुजून पपईएवढा झालेला, डोळ्यांत पाणी, आणि मी मनात आनंदते आहे.

आईनं पिशवीत भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. तिनंसुद्धा गृहीतच धरलं होतं, की हे माझ्याकडचं खाणार नाहीत. पण या तोंडानं भाकरी कुठली चावणार! मी जामखेडच्या मैत्रिणीनं दिलेल्या ज्वारीच्या कण्या काढल्या. मऊ शिजवायच्या, गार करायच्या, ताकात कालवायच्या; दात नसलेल्या माणसालाही जमतं. दादा ओट्यासमोरच्या खुर्चीत बसून बघत होते. खोली एवढीशी, दुसरीकडं बघायला जागाच नाही. कण्या रटरटायला लागल्या, वाफ आली, आणि सवयीप्रमाणं पट्टीचं टोक सुटून वर आलं.

मी ताक घुसळत होते, माझे हात गुंतलेले. दादा उठले. मला वाटलं, थुंकायला मोरीकडं जातायत. ते शेगडीपाशी गेले आणि त्यांनी अंगठ्यानं ते टोक दाबलं. सोडलं, ते वर आलं. परत दाबलं. मग दाबूनच उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून.

म्हणजे इतके दिवस खुर्चीत बसून ते पंख्याकडं बघत नव्हते. मी पट्टी कशी दाबते, ते बघत होते.

मी रवी ठेवली. “राहू द्या दादा, भाजेल. ते चिकटत नाही.” आणि त्यांच्या हाताखालून मी ती पट्टी अख्खी ओढून काढली. बाकी शेगडी तेलकट, डागाळलेली. पट्टीखालची जागा मात्र दुकानातून आणल्यासारखी नवी, आणि त्यात ते नाव ठळक.

“मला दुसरं नाव सुचलंच नाही हो,” मी म्हणाले. एवढे दिवस ते कुणाला सांगितलं नव्हतं. “सगळे बघत होते. तुम्ही खोटे पडला असता. आणि मला हेच एक नाव येत होतं.”

दादांनी मान जोरात हलवली. बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं, दोनदा ठोकलं. मग देवापुढं चुकीची कबुली देताना करतात तसं गालात मारून घ्यायला हात उचलला आणि विसरून सुजलेल्या गालावरच मारला. कळवळून खाली बसले. मी धावले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दुखण्याचं किती आणि कशाचं किती कोण जाणे. मीही रडत होते. त्यांना बोलता येत नव्हतं आणि मला थांबता येत नव्हतं. शेवटी खालच्या कण्या लागल्याचा वास आला, तेव्हा दोघंही भानावर आलो.

कापूस काढायची वेळ झाली. त्यांनी चूळ भरली. मी कण्या गार करून ताटलीत घेतल्या, ताक घातलं, चमचा ठेवला, आणि ताटली त्यांच्यासमोर ठेवली. ठेवल्यावर मात्र माझा धीर सुटला. भुकेल्या, दुखऱ्या माणसाची अडचण गाठून त्याची जन्मभराची रीत मोडायची, हे बरं नव्हे. तांब्या घेऊन दारात उभी राहणारी ती मीच, आणि आता ताटली घेऊन कोंडीत पकडणारीही मीच.

“दादा,” मी म्हणाले, “खाली लस्सी मिळते. आणू का?”

त्यांनी हातानंच ‘बस’ अशी खूण केली. ताटली जवळ ओढली. एकवार शेगडीकडं बघितलं, एकवार माझ्याकडं. चमचा भरला, तोंडात घातला, जिभेनं सावकाश इकडून तिकडं केला आणि गिळला.

 आता ‘लई झ्याक झालंय’ म्हणाले असते, तर मी मेलेच असते.

दादांनी तोंड वाकडं केलं.

“मीठ कमी हाय,” ते म्हणाले.